बर्लिनच्या १४९ कवट्या

मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर या, जागा आहे. कूलरचा आवाज जरा जास्तच आहे, पण मे महिन्यात वर्ध्यात कूलर बंद करा असं सांगायचं धाडस आमच्यात नाही. आम्हीच थोडं मोठ्यानं बोलू.

मागच्या महिन्याचं व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. तिला युरोपातल्या एका जुन्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, शिष्यवृत्तीही मिळालीय. घरी कोरडवाहू शेती. तिचे काका तिला म्हणाले, 'संशोधन पद्धतीची पुस्तकं वर्ध्यात मिळतात, इंटरनेटवर तर फुकटात आहेत. मग तेवढ्यासाठी समुद्र ओलांडून कशाला जायचं?' ती आम्हाला म्हणाली, 'सर, मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.' खरं सांगायचं तर आम्हालाही तिथल्या तिथे देता आलं नाही. दोन-चार गुळगुळीत वाक्यं बोललो आणि घरी गेलो. मग महिनाभर तोच प्रश्न डोक्यात. आजचं व्याख्यान त्यातून आलेलं आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. आम्ही स्वतः परदेशात शिकलेलो नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. २००९ साली यूजीसीनं पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचं केलं तेव्हा 'संशोधन पद्धती' हा पेपर घ्यायला कोणी तयार होईना. मग तो तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडला. निवृत्तीनंतरही काही वर्षं आम्ही तो शिकवत होतो. त्यामुळे बर्लिनबद्दल आज जे सांगणार आहोत ते वाचून, जुळवून सांगतोय. पण पद्धत मोडताना कशी दिसते, ते मात्र आम्ही जवळून पाहिलंय. त्यावर नंतर येतो.

बर्लिन म्हटलं की आपल्याला फार लांबचं वाटतं. तसं ते नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, आपल्या याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नयी तालीम तिथून सुरू झाली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. हे 'डॉक्टर' कुठले? बर्लिन विद्यापीठाचे, १९२६ चे. बर्लिनला असतानाच त्यांनी गालिबचा दीवान तिथे छापून घेतला होता आणि गांधीजींवर जर्मन भाषेत एक पुस्तकही तयार केलं होतं. म्हणजे आपल्या टकळी-चरख्याच्या शाळेमागे बर्लिनचा एक पीएच.डी. उभा होता. झाकिर हुसेन परतल्यावर दोनच वर्षांनी त्याच विद्यापीठात पुण्याहून एक तेवीस वर्षांची विवाहित मुलगी दाखल झाली. आजची गोष्ट तिची आहे.

इरावती कर्वे म्हटलं की आपल्या मराठी वाचकाला 'युगान्त' आठवतं. द्रौपदी आठवते, कर्ण आठवतो, साहित्य अकादमीचा पुरस्कार आठवतो. 'परिपूर्ती' आठवणारेही इथे असतील. पण ही बाई शास्त्रज्ञ होती, आणि तिचं पहिलं मोठं काम माणसांच्या कवट्या मोजण्याचं होतं, हे आम्ही एम.ए.च्या वर्गात सांगायचो तेव्हा मुलं हसायची. त्यांना वाटायचं सर गंमत करताहेत.

जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून नाव ठेवलं. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला. सातव्या वर्षी मुलीला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे रँग्लर परांजप्यांच्या घरात ती वाढली, आणि त्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता. १९२६ साली फर्ग्युसनमधून बी.ए. झाली, विषय तत्त्वज्ञान. म्हणजे आमच्याच बिरादरीतली. मग दक्षिणा फेलोशिप मिळाली. पेशवे ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटत. इंग्रजांनी त्या निधीतून पुढे विद्यार्थ्यांसाठी फेलोशिपा काढल्या. त्या पैशावर एक मुलगी समाजशास्त्र शिकायला मुंबईला गेली. पेशव्यांना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे.

मुंबईला तिचे गुरू डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे. तेही केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सकडे शिकून आलेले. त्या काळात हिंदुस्थानात माणसांची मोजमापं घेण्याचं खूळ जोरात होतं. हर्बर्ट रिस्ली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नाकं मोजली होती. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आणि या आकड्यावरून तो सांगायचा की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. १९०१ च्या जनगणनेचा कारभार याच माणसाकडे होता. घुर्यांनी पुढे १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्लीचेच आकडे घेऊन दाखवलं की हा हिशेब सगळ्या देशाला लागू पडत नाही. अशा माणसाच्या हाताखाली इरावतीबाईंनी १९२८ मध्ये चित्पावनांवर प्रबंध लिहून एम.ए. केलं. आकड्यांकडे संशयानं पाहायचं वळण त्यांना इथेच लागलं असणार, असा आमचा अंदाज. तेव्हा काकांचं अर्धं म्हणणं इथेच खरं ठरतं: पद्धतीचा पहिला धडा मुंबईत मिळाला, बोटीत बसण्याआधी.

लग्न झालं होतं दिनकर धोंडो कर्व्यांशी. ते रसायनशास्त्राचे, स्वतः जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आलेले. बायकोनं जर्मनीला जावं असं त्यांनाच वाटत होतं. विरोध केला तो सासऱ्यांनी, आणि सासरे कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे! ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, ते महर्षी. जगाच्या मुलींना शिकवणं वेगळं आणि घरातल्या सुनेला एकटीला बोटीनं पाठवणं वेगळं, हे आपण आपल्या घराघरात पाहतो; त्यात महर्षींना वेगळं काढायचं कारण नाही. नवरा-बायको दोघंही ठाम राहिली. पैशाची सोय डॉ. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून झाली. गांधीजींच्या प्रकृतीकडे पाहणारे ते डॉक्टर, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. १९२८ संपता संपता इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

आता हे बर्लिन विद्यापीठ. आम्ही तत्त्वज्ञानवाले, त्यामुळे इथे थोडं रेंगाळणार, माफ करा. १८१० साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या पुढाकारानं हे सुरू झालं. बोलोन्या, ऑक्सफर्ड यांच्या मानानं पोरगंच. पण जगभरच्या विद्यापीठांचं वळण या पोरानं बदललं. त्याआधी प्राध्यापकाचं काम म्हणजे ठरलेलं ज्ञान सांगणं. हुम्बोल्टचं म्हणणं असं की शिकवणारा आणि शिकणारा या दोघांनीही न सुटलेल्या प्रश्नासमोर उभं राहायचं. सेमिनार, प्रयोगशाळा, प्रबंध, आज आपण जे सगळं 'रिसर्च' म्हणून करतो त्याचा साचा बराचसा तिथला. हाच हुम्बोल्ट भगवद्गीतेवर इतका खूश होता की त्यानं बर्लिनच्या अकादमीत १८२५-२६ मध्ये तिच्यावर निबंध वाचले, आणि त्याच शहरात तत्त्वज्ञानाच्या पीठावर बसलेल्या हेगेलनं १८२७ मध्ये त्यांचा लांबलचक समाचार घेतला.

हेगेलचं नाव मुद्दाम घेतलं. बर्लिनला येण्यापूर्वीच, १८०७ च्या ग्रंथात, त्यानं कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव वाचणाऱ्यांची भरपूर टर उडवली होती. माणूस काय आहे ते त्याच्या कृतीतून कळतं, हाडातून नाही, असा त्याचा मुद्दा. (आफ्रिकेबद्दल आणि आपल्याबद्दल हेगेल स्वतः जे बोलला ते ऐकण्यासारखं नाही, तेही सांगून ठेवतो.) तर ज्या विद्यापीठात हेगेल १८१८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३१ पर्यंत शिकवत होता, तिथेच शंभर वर्षांनी कवट्या पुन्हा टेबलावर आल्या. या वेळी टर उडवायची सोय नव्हती. आता हातात कॅलिपर होते, आकडे होते, सरकारी पैसा होता. आणखी एक गंमत: तेव्हा बर्लिनला निसर्गविज्ञानंसुद्धा तत्त्वज्ञान विद्याशाखेतच मोडत. म्हणजे कवट्या मोजून मिळणारी पदवीही तत्त्वज्ञानाची डॉक्टरेटच.

शहराच्या कडेला डालेम नावाचा भाग आहे. तिथे १९२७ साली मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची एक नवी कोरी संस्था उभी राहिली, कैसर विल्हेल्म यांच्या नावाची. संचालक ऑयगेन फिशर. हा माणूस १९०८ मध्ये नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत गेला होता. डच वसाहतवाले आणि स्थानिक आफ्रिकी स्त्रिया यांच्या संततीचा, रेहोबोथ गावच्या लोकांचा त्यानं अभ्यास केला, आणि वंश मिसळणं बरं नाही असा निष्कर्ष घेऊन तो परतला. त्या विषयात जर्मनीत त्याच्यापेक्षा मोठं नाव नव्हतं. इरावतीबाईंचे मार्गदर्शक हे. जर्मन भाषेत पीएच.डी.च्या गाईडला जो शब्द आहे, 'डॉक्टरफाटर', त्याचा सरळ अर्थ डॉक्टर-बाप. आपल्याकडे शब्द नाही, पण वस्तू आहे.

फिशरची कल्पना अशी: गोऱ्या युरोपियन माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, ते बुद्धीचं लक्षण, त्याला जागा द्यायची म्हणून युरोपियनाची कवटी डावी-उजवीकडे सारखी नसते. इतर वंशांत असं नसणार. हे तपासायचं काम या हिंदी मुलीकडे आलं.

तपासायचं कसं, हे जरा नीट पाहू, कारण पद्धत म्हणतात ती इथे आहे. कवटी समोर ठेवली की पहिला प्रश्न, ती सरळ ठेवली हे कशावरून? म्हणून जर्मन शास्त्रज्ञांनी फ्रांकफुर्टला बसून एक रेषा ठरवली होती: डोळ्याच्या खाचेची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका पातळीत आली की कवटी सरळ. मग ठरावीक खुणा. नाकाच्या मुळाशी एक, टाळूवर जिथे शिवणी मिळतात तिथे एक, मागे एक. या खुणांपासून डावीकडे किती, उजवीकडे किती. पण इथेच मेख आहे. डावं-उजवं मोजायचं तर मधली रेषा हवी, आणि कवटीच वाकडी असेल तर मधली रेषा कुठून आणायची? दुसरी अडचण, फरक मिलिमीटरांचे. हात किंचित हलला तरी तेवढा फरक पडतो. म्हणून पुन्हापुन्हा मोजायचं, आणि आपल्या हाताची चूक किती व हाडातला फरक किती हे वेगळं काढायचं. तिसरी अडचण सगळ्यात अवघड: ही कवटी युरोपियनाची, ती आफ्रिकेतली, हे मोजणाऱ्याला माहीत असतं. डोळा आपल्याला हवं ते पाहतो. वर्षानुवर्षं एक सिद्धान्त मनात धरलेल्या माणसाचा डोळा तर नक्कीच.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. १४९. ही संख्या आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर मोठी लिहून दाखवायचो. डावी-उजवीतला फरक सापडला, भरपूर सापडला; पण तो सगळ्यांतच सापडला. युरोपियन कवट्यांत आणि बाकीच्यांतही. वंशाशी त्याचा मेळ बसेना. प्रबंधाचं नावच आहे माणसाच्या कवटीची 'सामान्य' असममिती. म्हणजे डावं-उजवं सारखं नसणं ही माणसाची साधी रीत आहे, कोणा एकाची मिरास नाही.

आमच्या न्यायशास्त्रात याला नेमकं नाव आहे. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे चालतं, कारण अग्नीवाचून धूर सापडत नाही. पण कोणी म्हणालं, 'डोंगरावर अग्नी आहे, कारण डोंगर आपल्याला कळतो', तर? कळतं तर तळंही. जिथे अग्नी नाही तिथेही तो हेतू आहे. याला नैयायिक 'साधारण सव्यभिचार' म्हणतात. हेतू बदफैली निघाला. फिशरचा हेतू असाच निघाला. फरक इतकाच की नैयायिकाला तळं डोळ्यासमोर असतं. इथे ते तळं १४९ वेळा मोजून काढावं लागलं.

निष्कर्ष डॉक्टर-बापाच्या विरुद्ध. आणि तो लिहिणारी वसाहतीतली, गोरी नसलेली, कर्ज काढून आलेली बाई. गप्प बसायला तिच्याकडे सगळी कारणं होती. आकडे थोडे इकडचे तिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं? डालेममध्ये तर सगळ्यांना आनंदच झाला असता. त्यांनी जे मोजलं ते लिहिलं. फिशरनं प्रबंधाला पास होण्यापुरती, सगळ्यात खालची श्रेणी दिली. १९३० मध्ये बाई परतल्या, १९३१ मध्ये प्रबंध छापून निघाला.

या श्रेणीवर आम्ही बराच विचार केलाय. लोक ती फिशरचा कोतेपणा म्हणून सांगतात, तो आहेच. पण दुसरी बाजू पहा. त्यानं पास केलं. त्याला नापास का करता आलं नाही? कारण मोजणी त्याच्याच पद्धतीनं झाली होती. त्यानंच शिकवलेल्या खुणा, त्याचेच कॅलिपर, त्याच्याच संग्रहातल्या कवट्या. निष्कर्ष आवडला नाही म्हणून मोजणी नाकारता येत नाही, एवढा एक नियम त्या घरात १९३० साली शिल्लक होता. आमच्या मते समुद्र ओलांडून त्या हेच शिकल्या. पुस्तकात असतं ते सूत्र. इथे ते सूत्र गाईडच्या तोंडावर वापरायची वेळ आली आणि ते टिकलं.

आता आमची गोष्ट. फार वर्षं झाली. समाजशास्त्राकडची एक विद्यार्थिनी कोर्सवर्कला आमच्याकडे होती. आपल्याच जिल्ह्यातल्या काही गावांत बचत गटांवर काम करत होती. तिच्या गाईडनं आधी लिहून ठेवलं होतं की बचत गटामुळे घरात बाईचा शब्द चालू लागतो. मुलगी प्रामाणिक. उन्हातान्हात एसटीनं फिरून बायकांशी बोलली. तिला दिसलं की बऱ्याच घरांत कर्ज बाईच्या नावावर निघतं, पैसा नवरा वापरतो आणि हप्ता फेडायला बाई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते. ती आमच्याकडे आली. 'सर, हे आकडे सरांच्या मुद्द्यात कसे बसवू?' आम्ही काय सांगितलं असेल? हेत्वाभास शिकवणारे आम्ही. आम्ही म्हणालो, 'परिशिष्टात टाक. व्हायवा होऊन जाऊ दे.' तिनं परिशिष्टात टाकलं. पदवी मिळाली, नोकरीही लागली. तो प्रबंध ग्रंथालयात आहे, परिशिष्ट चार. त्याला कोणी हात लावत नाही, आम्ही अधूनमधून जाऊन पाहतो. तिच्या गाईडला दोष द्यायला आम्ही उभे नाही. तिनं सल्ला आम्हाला विचारला होता.

तेव्हा आम्ही इरावतीबाईंच्या प्रबंधाबद्दल बोलतो ते उंचावरून नाही.

पण बर्लिनची गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. परतून तीन वर्षं झाली नाहीत तोच जर्मनीत नाझी आले. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिन विद्यापीठासमोरच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. त्याच वर्षी विद्यापीठाचे रेक्टर झाले ऑयगेन फिशर. १९३७ मध्ये ऱ्हाईन भागातल्या, आफ्रिकी वंशाचे सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांच्या मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली. त्या मुलांची तपासणी करून अहवाल देणाऱ्यांत डालेमच्या संस्थेची माणसं होती. युद्धाच्या काळात आउशवित्झच्या छावणीतून मेंगेले नावाचा डॉक्टर मारलेल्या माणसांचे अवयव त्याच संस्थेत पाठवत होता. तेच कॅलिपर, त्याच खुणा, तीच फ्रांकफुर्टची रेषा. मोजण्याची काटेकोर पद्धत तशीच होती. 'निष्कर्ष नकोसा असला तरी मोजणी नाकारायची नाही' हा नियम मात्र इमारतीतून निघून गेला होता. सव्वाशे वर्षांचं विद्यापीठ, आणि तो नियम जायला तीन वर्षंही लागली नाहीत.

कवट्यांचंही एक सांगायला हवं. त्या आल्या कुठून? बर्लिनच्या संग्रहांत जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या कवट्या होत्या. कोणी थडगी उकरून आणल्या, कोणी लढाईनंतर. त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. इरावतीबाईंच्या आकड्यांनी त्यांच्यावरचा एक आरोप खोडून काढला, हे खरं. पण ती हाडं तिथे का आहेत हा प्रश्न त्या काळच्या पद्धतीत बसतच नव्हता. आज एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायला लागला की मुलं कुरकुरतात. फॉर्म कंटाळवाणा आहेच. त्याच्यामागे ही कपाटं आहेत.

संस्थेची ती इमारत आजही उभी आहे. युद्धानंतर, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फ्री युनिव्हर्सिटीकडे ती गेली. तिथे आता राज्यशास्त्र शिकवतात. २०१४ मध्ये त्या परिसरात खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. पुढे नीट उत्खनन केलं तेव्हा हजारो तुकडे निघाले. ही हाडं कोणाची, कुठल्या वंशाची, हे ठरवण्यासाठी आणखी तपासण्या करायच्या का, असा प्रश्न आला. ज्यूंच्या, रोमा लोकांच्या, आफ्रिकी लोकांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं, की नाही. पुन्हा त्याच तऱ्हेची वर्गवारी नको. २०२३ च्या मार्चमध्ये ती सगळी हाडं एकत्र दफन केली.

इकडे बाई परत आल्यावर काय झालं ते थोडक्यात. काही वर्षं सासऱ्यांच्याच विद्यापीठात, एसएनडीटीत, प्रशासनाचं काम. १९३९ पासून डेक्कन कॉलेज, ते शेवटपर्यंत. १९७० च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मधल्या तीस वर्षांत कॅलिपर सुटले नाहीत. गुजरातेत लांघणजला सांकलियांबरोबर उत्खनन केलं, तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास केला. वि. म. दांडेकरांसारखा आकडेशास्त्राचा माणूस बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातींची मोजमापं घेतली. ते पुस्तक १९५१ चं. लोक विचारतात, आणि आम्हालाही खटकतं, की ज्या बाईनं फिशरला खोटं ठरवलं तिनं जातींची डोकी पुन्हा का मोजावीत? वंश नावाची गोष्ट मोजता येते हा विश्वास त्यांनी पूर्ण सोडला नव्हता. १४९ कवट्यांनी एक विधान पडलं, सगळी चौकट पडली नाही. काळाच्या पुढे असलेल्या माणसालाही काळाबाहेर उडी मारता येत नसते, आणि आपण त्यांना ओढून बाहेर काढू नये.

पण त्या मोजणीतून काय निघालं ते पहा. निरनिराळ्या ब्राह्मण जाती एकाच नावाखाली मोडतात, पण मोजमापांत त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुंभारांचं तसंच. महाराष्ट्रात थोरचाके कुंभार आहेत, लहानचाके आहेत. चाक वेगळं, घडवायची रीत वेगळी, रोटीबेटी नाही. घुर्ये म्हणत की मूळ एक जात फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाई म्हणाल्या, तसं नाही. वेगवेगळे नातेसमूह आधीपासून आहेत, सारख्या धंद्यामुळे त्यांच्यावर एक नाव पडलं. १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडलं. लक्षात घ्या, या वेळी ज्यांच्या विरुद्ध आकडे गेले ते त्यांचे पहिले गुरू, मुंबईचे. बर्लिनला डॉक्टर-बापाशी जे केलं तेच मायदेशी पहिल्या गुरूशी केलं. घुर्यांना ते फार रुचलं असेल असं नाही.

आणि शेवटी शेवटी त्या मोजपट्टी घेऊन गेल्या त्या कोयना धरणानं उठवलेल्या लोकांकडे. घर कुठे गेलं, जमीन किती मिळाली, नाती कशी तुटली, याची पाहणी १९६९ मध्ये जाई निंबकरांबरोबर प्रसिद्ध केली. आता मोजायचं होतं ते सरकारनं दिलेलं वचन आणि प्रत्यक्षात मिळालेली जमीन यांतलं अंतर. वर्ध्याच्या माणसाला हा विषय समजावून सांगायला नको. धरणाखाली गेलेली गावं आपल्याही विदर्भात आहेत.

ती विद्यार्थिनी आज आलीय, तिसऱ्या रांगेत बसलीय. सप्टेंबरात निघणार आहे. तिनं आम्हाला आज सकाळी फोनवर आणखी एक विचारलं: 'सर, माझे आकडे तिथल्या गाईडच्या विरुद्ध गेले तर?' बर्लिनला त्या वेळी श्रेणी खालची मिळाली, पण पदवी मिळाली. तुझ्या विद्यापीठात काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही. जाण्याआधी एकदा आमच्याबरोबर ग्रंथालयात चल, परिशिष्ट चार दाखवतो.

आणि काकाही आलेत असं दिसतंय, दाराशी उभे आहेत. या, या, खुर्ची द्या रे त्यांना. प्रश्न घेऊ या. पहिला त्यांचाच.